शुक्रवारचं घुमट : विद्यार्थी केंद्रात गट नोंदवताना

विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्रात स्वतःचा गट सुरू करायचा असेल तर सगळ्यात आधी सल्लागार प्राध्यापक शोधा. अर्ज, सभासदांची यादी, वेळापत्रक, वाद्यं, सगळं मागाहून होतं. सल्लागाराच्या सहीशिवाय अर्जाला आवक क्रमांकच मिळत नाही आणि आवक क्रमांक नसलेला कागद म्हणजे टेबलावरची रद्दी. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर जुलैचा पहिला पंधरवडा वाचला असता, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकते. आमचा गट घुमट शिकण्याचा, म्हणजे गोव्याचं मातीचं तालवाद्य.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याची. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पणजीच्या आसपासच्या एका कॅम्पसवर. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. एक तर अर्जाचे नमुने थोडे इकडेतिकडे सोडले तर ही वाट सगळीकडे साधारण सारखीच असते असं इतर कॉलेजांतल्या मैत्रिणी सांगतात. आणि दुसरं म्हणजे मला डिग्री अजून तिथूनच घ्यायची आहे.

केंद्र म्हणजे एक दुमजली इमारत. खाली मोठा हॉल, त्याला लागून कॅरम आणि टेबल टेनिसची खोली, वर दोन बैठकीच्या खोल्या आणि एक कायम कुलूपबंद स्टोअर. रक्तदान शिबिर, नव्या मुलांचं स्वागत, निवडणुकीच्या दिवसांतली भाषणं, पोस्टर प्रदर्शन, केरळच्या मुलांचं ओणम, सगळं त्या एका हॉलमध्ये. वरच्या खोलीत ईशान्येकडची मुलं गिटार घेऊन बसतात, बुधवारी बुद्धिबळवाले असतात. पहिल्या वर्षी मी तिथे फक्त पावसापासून आडोसा म्हणून आणि पाण्याची बाटली भरायला जायचे. वरच्या मजल्यावर कुणीही नोंदणी करून बसू शकतं हे मला वर्षभर माहीतच नव्हतं.

आता घुमट का. आमच्या घरी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमटावर बसतात ते बाबा, काका आणि वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, मुलगे. आम्ही मुलींनी फुगड्या घालायच्या, आरतीला झांज हातात आली तर नशीब. गोव्यात आता बायकांची घुमटआरतीची पथकं आहेत, स्पर्धांतही उतरतात, पण आमच्या वाड्यापर्यंत ते वारं आलं नव्हतं. हॉस्टेलवर डिचोलीच्या, पेडण्याच्या, फोंड्याच्या मुली भेटल्या तर सगळ्यांची तीच कथा. आरत्या तोंडपाठ, ठेका हातात नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर बोटं बडवली की रेक्टरबाई यायच्या. म्हटलं, बसायला जागा तर शोधू.

30 जूनला सत्र सुरू झालं आणि त्याच आठवड्यात केंद्राच्या कार्यालयात चौकशी केली. खिडकीतल्या बाईंनी एक दोन पानी फॉर्म दिला, इंग्रजीत. निदान पंधरा विद्यार्थी, दोनहून जास्त विभागांतले, प्रत्येकाचा हजेरी क्रमांक आणि ओळखपत्राची झेरॉक्स. गटाचा उद्देश शंभर शब्दांत. सत्राचा कार्यक्रम. सल्लागार प्राध्यापकाचं संमतीपत्र. नोंदणी शुल्क 200 रुपये, पावती काउंटरवरून आणायची, ते काउंटर दुसऱ्या इमारतीत आणि दुपारी एकला बंद. शिवाय प्रत्येक सभासदाचं रॅगिंगविरोधी हमीपत्र. मला वाटलं होतं ते प्रवेशाच्या वेळी भरलं की संपलं. पण वरच्या वर्गातली मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना संध्याकाळी एका खोलीत काहीतरी ‘शिकवणार’ म्हटल्यावर कार्यालय सावध होणारच. यूजीसीचे 2009 चे नियम त्यासाठीच आहेत, त्यामुळे यावर वाद घालू नका. प्रवेशाच्या वेळी ऑनलाइन भरलेल्या हमीपत्राची प्रत मेलमध्ये सापडते, तीच छापून लावली तरी चालली.

सही मात्र मिळेना. ज्यांच्याकडे आधी गेले ते दोन गटांचे सल्लागार होते, तिसरा घेता येत नाही म्हणाले. दुसऱ्या मॅडम रजेवर निघाल्या होत्या. एका सरांनी शांतपणे विचारलं, ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘मीच ना?’ त्यांचंही बरोबर आहे. सल्लागाराला मानधन नाही, कामाच्या तासांत सूट नाही, हॉलची काच फुटली तर पत्र मात्र त्याच्या नावाने येतं. तेव्हा प्राध्यापकाकडे जाताना तुमच्या विषयातला माणूस शोधण्यापेक्षा तुमच्या छंदातला शोधा. आम्हाला सही मिळाली ती रसायनशास्त्राच्या एका सरांची. लॅबमधल्या मदतनीस काकांनी सहज सांगितलं की हे सर दर चवथीला गावी शामेळ, म्हणजे घुमटाच्या साथीचा काठ्यांनी वाजवायचा लहान ढोल, वाजवतात. सरांना विचारलं तर त्यांनी फॉर्म न वाचताच सही केली आणि मग फॉर्म वाचून माझं इंग्रजी दुरुस्त केलं.

11 जुलैला अर्ज आत गेला. 16 जुलैला समितीची बैठक होती, तिथे गटाच्या दोन प्रतिनिधींना बोलावतात. मी आणि डिचोलीची माझी मैत्रीण गेलो. पाच जण बसले होते. पहिला प्रश्न अपेक्षित होता, तरी लागला. ‘आरती म्हणजे पूजा आली. केंद्रात धार्मिक कार्यक्रम होत नाहीत.’ मी उद्देशात सरळ ‘घुमटआरती शिकणे’ असं लिहिलं होतं. मैत्रीण म्हणाली, आम्ही मूर्ती आणणार नाही, दिवा लावणार नाही. ‘मग आरती कशाची?’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा प्रश्न प्राणिशास्त्राच्या मॅडमनी विचारला. ‘कातडं कसलं?’

हा प्रश्न घुमटाच्या बाबतीत अगदी योग्य आहे. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत. ते कातडं विकणं-विकत घेणं सोडाच, नुसतं जवळ ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. आता बकऱ्याचं कातडं वापरतात, आणि तसं झाल्यावरच 2019 मध्ये सरकारला घुमट गोव्याचं वारसा-वाद्य म्हणून जाहीर करता आलं असं मला वाटतं. जुने वादक मात्र नाक मुरडतात. घोरपडीच्या घुमटाचा नाद आत कुठेतरी घुमत राहतो, बकऱ्याचं चटकन बसतं, असं आमच्या वाड्यावरचे जुने घुमटवादक आबा म्हणतात. मॅडमना मी सांगितलं की आम्ही नवी घुमटं घेणार आहोत आणि बनवणाऱ्याकडून कातड्याचा उल्लेख असलेलं बिल आणू. त्यांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं आणि वर एक वाक्य जोडलं : सभासदांनी घरची कातड्याची जुनी वाद्यं आवारात आणू नयेत. माझ्या मैत्रिणीच्या घरी पणजोबांचं घुमट आहे. ती बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होती.

अर्ज ‘दुरुस्तीसह पुन्हा सादर करावा’ असा शेरा मारून परत आला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. गोव्यात घुमट आरतीपासून वेगळं कसं काढणार? संध्याकाळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन तणतणले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सासष्टीत घुमट कोण वाजवतं?’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सासष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यात मडगावच्या बाजूला, ख्रिस्ती घरांत लग्नाला मांडो ही कोंकणी गाणी म्हणतात ती घुमट आणि व्हायोलिनवरच. देवळांत सुवारीवादन चालतं त्यात गाणं नसतंच, नुसतं घुमट, शामेळ आणि कासाळं, म्हणजे मोठ्या झांजा. म्हणजे वाद्य एक आणि त्याची घरं कितीतरी. दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या फलकावर चिठ्ठी लावली, ‘मांडोचं घुमट कुणाला येतं का?’ खाली नंबर. दोन दिवसांत एका मुलाचा मेसेज आला. भूगर्भशास्त्राचा, मडगावच्या पलीकडचा. त्याला थोडंबहुत येत होतं आणि त्याच्या मावशीला पुष्कळ.

नव्या अर्जात उद्देश असा लिहिला : घुमट, शामेळ आणि झांज ही गोव्याची लोकवाद्यं शिकणं, आरती, सुवारी, मांडो आणि फुगडी या प्रकारांतले ठेके समजून घेणं. वारसा-वाद्याच्या घोषणेच्या बातमीचं कात्रण जोडलं. हे मी पळवाट म्हणून लिहिलं नाही, किंवा लिहिताना लिहिलं असेल तरी पुढे ती पळवाट राहिली नाही. मांडो संथ चालतो, त्याच्या मागून येणारं दुलपद एकदम चपळ. आरतीचा ठेका पायरीपायरीने चढत जातो. पहिल्या दोन बैठकांतच आमच्या मुलींना कळलं की आपल्याला फक्त चढायला येतं, थांबून वाजवायला येत नाही.

मंजुरीचं पत्र 30 जुलैला मिळालं. शुक्रवारी सव्वापाच ते सात, वरची खोली क्रमांक दोन. खाली अटी. त्यांतली एक सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. शैक्षणिक संस्थेभोवतीचा 100 मीटरचा परिसर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. दिवसा 50 डेसिबलची मर्यादा, आणि अशा जागी ढोल बडवणं हा तर नियमात वेगळा लिहिलेला गुन्हा आहे. आम्हाला मुळात अंगणात, झाडाखाली बसायचं होतं. ते राहिलं. पत्रात स्पष्ट होतं : बंद खोलीत, खिडक्या लावून, ध्वनिवर्धकाशिवाय. ऑगस्टच्या उकाड्यात खिडक्या लावून वीस माणसं. पंखे दोन, त्यातला एक फिरताना शामेळाशी स्पर्धा करायचा. पण तक्रार कुणाचीच आली नाही. पलीकडे वाचनालय आहे हे लक्षात घेता ही अट आमच्याच हिताची होती.

वाद्यांसाठी विद्यापीठ पैसे देत नाही, निदान पहिल्या सत्रात तरी. वीस जणांनी 300 रुपये काढले. दोन घुमटं प्रत्येकी 1,800 आणि एक शामेळ 2,400, सगळं मिळून बरोबर 6,000. झांजा घरून आणल्या. घुमटं डिचोलीकडून आणली, बसने, मांडीवर घेऊन. कंडक्टरने विचारलं, ‘चवथ लागीं पावली गो?’ (चवथ जवळ आली ना गं?) आणि तिकीट माणसाचंच घेतलं. बिल घेताना ‘बकऱ्याचं कातडं’ हे शब्द लिहून घ्या. बनवणारे हसतात, पण लिहून देतात.

पावसाळ्याची एक अडचण कुठल्याच फॉर्मात नव्हती. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि घुमट ‘धब’ म्हणून मरतं. गावी ते निखाऱ्यावर धरून शेकतात किंवा चुलीजवळ ठेवतात. केंद्रात ज्वाळा, मेणबत्ती, गॅस, काहीही पेटवायला बंदी. पहिल्या बैठकीत, 8 ऑगस्टला, आम्ही अर्धा तास नुसता कातड्यावर हात चोळत होतो. मग एकीने हॉस्टेलवरून केस वाळवायचा ड्रायर आणला. तेव्हापासून आमच्या सामानाच्या यादीत ड्रायर आहे. मध्यम उष्णतेवर, वीतभर लांबून, गोल फिरवत धरायचा. एका जागी धरला तर कातडं तडकतं असं घुमटवाल्याने फोनवर सांगितलं होतं, ते आम्ही करून पाहिलं नाही.

त्या दिवशी यादीतले निम्मेही आले नव्हते. हे धरूनच चाला. सही द्यायला सगळे तयार असतात, शुक्रवारी सव्वापाचला पणजीची बस सोडून थांबायला नसतात. वाळपई, पेडणे, काणकोण बाजूची मुलं रोज ये-जा करतात, संध्याकाळी उशीर झाला की त्या बाजूच्या गाड्या विरळ होतात. म्हणून आम्ही एक नियम केला की पावणेसातला ज्यांना निघायचं ते निघतील, वाजवणं थांबणार नाही, आणि कुणी कुणाला ‘एवढ्यात?’ असं विचारायचं नाही. हा नियम कागदावर कुठे नाही, पण माझ्या मते गट टिकला तो याच्यामुळे. हॉस्टेलच्या मुलींपेक्षा बसने जाणारी मुलं जास्त नियमित निघाली.

बैठकीत काय चालायचं? आधी वीस मिनिटं नुसता हात. डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड झाकायचं-उघडायचं, उजव्या बोटांनी पुढे मारायचं. हे ऐकायला सोपं आहे. दोन्ही हात एकमेकांचं ऐकेपर्यंत महिना जातो. घुमटं दोनच असल्यामुळे बाकीचे मांडीवर, स्टीलच्या डब्यावर, एकजण पाण्याच्या जारवर वाजवायचा. मग एक आरती, सगळ्यांनी म्हणायची. मग सासष्टीवाला मांडोचा ठेका दाखवायचा आणि आमची तारांबळ उडायची. शेवटी दहा मिनिटं खोली झाडणं, खुर्च्या लावणं, रजिस्टरवर सह्या. चावी खाली वॉचमनकाकांकडे. ‘गो बाय, साताक चावी जाय हां,’ (सातला चावी हवी) हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि पुढे कधी सांगावं लागलं नाही, कारण साताला पाच कमी असताना ते स्वतःच दारात येऊन उभे राहायचे. ठेका पक्का बसला आहे की नाही ते त्यांच्या मानेवरून कळायचं.

खालच्या टेबल टेनिसवाल्यांशी मात्र आधी खटकलं. त्यांचं म्हणणं, डोक्यावर दणदण होते. जमिनीवर घुमट ठेवू नका, सतरंजी दुहेरी करा, असं त्यांनीच सुचवलं. आम्ही केलं. मग त्यांच्यातला एक जण वर यायला लागला. गिटारवाल्यांशी उलट झालं, त्यांनाच शुक्रवारची वेळ हवी होती. कार्यालयात जाण्याऐवजी आम्ही समोरासमोर बसून महिन्यातला शेवटचा शुक्रवार एकत्र वापरायचं ठरवलं. कार्यालयाला लेखी कळवलं, दोन्ही गटांच्या सह्यांनी. हे लेखी कळवणं विसरू नका, नाहीतर रजिस्टरमध्ये एक नाव आणि खोलीत दुसरे लोक असं दिसलं की खोली दोघांचीही जाते.

15 ऑगस्ट शुक्रवारीच आला. 22 ऑगस्टला खोलीत उभं राहायला जागा नव्हती, कारण पुढच्या बुधवारी, 27 ला, चवथ होती आणि प्रत्येकीला घरी जाऊन एकदा तरी घुमट मागायचं होतं. मी मागितलं. काकांनी दिलं, बाजूला बसून ठेका धरला आणि मध्येच माझा हात दुरुस्त केला. आजीने माटोळीखालून, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखालून, डोकं काढून पाहिलं. तिने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, घरची गोष्ट आहे. सगळ्यांच्या घरी असं झालं नाही हेही सांगते. एकीला ‘नंतर, नंतर’ म्हणून पाच दिवस टोलवलं आणि गणपती पोचवून आले.

परत आल्यावर सत्राच्या कार्यक्रमात लिहिलेली मोठी संध्याकाळ करायची होती. तारीख ठरवणं हे एक प्रकरण झालं. आम्ही हॉलसाठी 12 सप्टेंबर मागितला. त्या दिवशी केरळच्या मुलांनी ओणमसाठी हॉल आधीच घेतला होता. सण 5 तारखेचा, पण आपल्या चवथीच्या सुटीमुळे त्यांनी तो पुढे ढकलला होता. भांडावं की काय या विचारात असताना गावी आबांना फोन केला. त्यांनाच मुख्य पाहुणे म्हणून बोलवायचं होतं. ते म्हणाले, ‘म्हाळात मी घुमटाला हात लावत नाही.’ पितृपक्ष 21 सप्टेंबरपर्यंत होता. मग 26 तारीख काढली तर नवरात्र. देवळात रोज रात्री मखर, म्हणजे सजवलेल्या मखरात देवाला झुलवतात, तिथे सुवारीला आबा हवेत. शेवटी 10 ऑक्टोबर. हॉलचं कॅलेंडर कार्यालयात असतं. पाहुण्यांचं कॅलेंडर देवाच्या आणि पितरांच्या हातात असतं, ते आधी बघा. ओणमच्या मुलांना तारीख सोडल्याचं कळलं तेव्हा त्यांनी आम्हालाच बोलावलं. फुलांची रांगोळी काढून झाल्यावर त्यांच्या गाण्यांना आम्ही घुमटावर साथ दिली. चुकतमाकत. जेवण मात्र केळीच्या पानावर पोटभर.

मोठ्या कार्यक्रमाचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. नोंदणीकृत गटाला हॉलचं भाडं नाही, 2,000 रुपये अनामत आणि 500 रुपये सफाई. बाहेरचा माणूस आवारात यायचा तर त्याचं नाव, आधारची प्रत आणि गाडीचा नंबर सुरक्षा विभागाला तीन दिवस आधी. आबा कुणाच्या गाडीतून येणार हे त्यांना स्वतःलाच सकाळपर्यंत माहीत नव्हतं, म्हणून आम्ही सरळ टॅक्सी ठरवली, जाऊन-येऊन 1,200. माईक लागणारच होता. बंद सभागृहात आतल्या आत वापराला हरकत नाही, पण दारं लावून आणि नऊच्या आत आटपायचं अशी अट घातली. प्रवेश विनामूल्य ठेवला. कुणाला रेकॉर्ड केलेली गाणी लावून नाच बसवायचा असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम 52 एकदा वाचा. शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमाला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं इतकेच असले तर. आमचं सगळं हातावाजवं आणि पारंपरिक, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

पैशांचा हिशेब हवा असतो लोकांना, म्हणून देते. माईक 2,500. सफाई 500. आबांचं मानधन 3,000. टॅक्सी 1,200. कँटीनची भाजी-पाव आणि चहा, 120 जणांचे 45 रुपयांप्रमाणे 5,400. बेरीज 12,600. आम्ही 12,000 ची आगाऊ रक्कम मागितली होती, 8,000 मंजूर झाली. उरलेले वर्गणीतून. गटाच्या नावाने बँक खातं उघडता येत नाही, रक्कम सल्लागाराच्या नावाने निघते आणि तीस दिवसांत बिलांसकट जुळवायची असते. न जुळवल्यास ती त्यांच्या नावावर बाकी दिसते, तेव्हा तुमच्या सरांवर एवढी दया करा.

कार्यक्रम झाला. त्याचं वर्णन करत बसत नाही, फोटो सगळ्यांनीच टाकले आहेत. फक्त एक नमूद करते. सासष्टीच्या मुलाची मावशी प्रेक्षकांत बसली होती, ती मांडोच्या वेळी न सांगता वर आली, आणि आबा जे आरतीपलीकडे कधी काही वाजवत नाहीत ते दुलपदाला तिच्याकडे बघत बघत साथ करायला लागले. दोघांनाही एकमेकांची गाणी येत नव्हती. नऊ वाजायला दहा मिनिटं असताना वॉचमनकाकांनी दिवे एकदा बंद-चालू केले.

त्यानंतर कागद. आबांचं मानधन रोख देता येत नाही, बँकेतच जातं आणि त्यासाठी पॅन आणि रद्द केलेला धनादेश मागतात. आबांकडे चेकबुक कधीच नव्हतं. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, ज्यावर नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी स्पष्ट दिसतो, ती चालली. नाव पॅनवर एका तऱ्हेने आणि पासबुकात दुसऱ्या तऱ्हेने असेल तर पाहुणे यायच्या आधीच बघून ठेवा. कँटीनचं बिल 5,000 च्या वर गेल्यामुळे पैसे मिळाल्याच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही हवी होती. ते तिकीट पोस्टात मिळतं. चार-पाच घेऊन ठेवा, पाकिटात जागा किती लागते. टॅक्सीवाल्याने कोऱ्या कागदावर लिहून दिलेली पावती परत आली, गाडीचा नंबर नव्हता म्हणून. त्याला गाठायला दिवाळी उलटली, कारण नरकासुराच्या आठवड्यात गोव्यात कुणाला गाठणार.

4 नोव्हेंबरला हिशेब जुळून सरांच्या नावावरची बाकी गेली. सरांनी मेसेजवर नुसता अंगठा पाठवला. परीक्षा तोंडावर होती म्हणून शुक्रवारच्या बैठका तिथेच थांबवल्या, पण खोलीचं रजिस्टर रिकामं राहू नये म्हणून दोघी-तिघी जाऊन नुसता हात चालवून यायच्या. सलग तीन आठवडे खोली रिकामी राहिली की वेळ दुसऱ्या गटाला देतात, हा नियम अटींच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे.

अनामत 24 नोव्हेंबरला परत मिळाली. मूळ पावती दाखवल्याशिवाय देत नाहीत, झेरॉक्स चालत नाही. आमची पावती ड्रायरच्या खोक्यात होती. नव्या सत्राच्या नूतनीकरणाला पुन्हा पंधरा सह्या, पुन्हा झेरॉक्स, फक्त शुल्क निम्मं आणि समितीपुढे जावं लागत नाही. दुसऱ्या वर्षाचे आम्ही जाणार म्हणून या वेळी अर्जावर प्रतिनिधी म्हणून पहिल्या वर्षाच्या दोघींची नावं घातली आहेत. त्यांच्यातल्या एकीला अजून शामेळ धरता येत नाही, पण एकला बंद होणारं काउंटर तिला तोंडपाठ आहे.